नव्वदच्या खाली

“हॅलो?… हं, बोल… मीच. दुसरं कोण असणार आपल्या घरात?… हो गं, घरातच. घर सोडून कुठे जाणार मी?”

हे बोलताना मीटरभाऊ घरात नव्हता. घरापासून तो एक अख्खी टाकी लांब होता. टॅक्सीवाले अंतर असंच सांगतात. घाट ओलांडून, नदीवरचा पूल पार करून त्याने जावयाच्या चार मजली इमारतीखाली टॅक्सी लावली होती, रस्त्याचा गलका आत येऊ नये म्हणून चारही काचा वर केल्या होत्या, आणि मान वाकडी करून तो तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी न्याहाळत होता. कठड्यावर निळी शाल वाळत पडली होती. बायकोचीच. नातवाला सांभाळायला म्हणून ती लेकीकडे गेली, तेव्हा हीच शाल अंगावर घेऊन गेली होती. शाल आहे त्याअर्थी शालीची मालकीणही असणार.

तो खरं तर जिना चढायलाच निघाला होता, तेवढ्यात तिचाच फोन वाजला. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला. स्टँडवर त्याला मीटरभाऊ म्हणत ते काही उगाच नाही. गाडी थांबली तरी याच्या तोंडाचं मीटर पडतच राही. जाताना बायकोने बजावलं होतं, ‘पेट्रोल नव्वदच्या खाली उतरलं की न्यायला या. तोवर रिकामी गाडी दामटत आलात तर दार उघडणार नाही.’ आणि पेट्रोल काही नव्वदच्या खाली उतरलेलं नव्हतं. तेव्हा आधी गोड बोलून तिच्याच तोंडून ‘या’ म्हणवून घ्यायचं, आणि ती ‘या’ म्हणाली रे म्हणाली की दारावर टकटक करायची, असा बेत त्याने तिथल्या तिथे शिजवला.

“काय करतोय म्हणजे? बसलोय… खुर्चीत… खिडकीजवळच्या गं… हो, तीच, पाय हलणारी… आत्ता? आत्ता हलतोय ना! हा बघ, कर्र कर्र… ऐकू आलं?… नाही आलं? थांब.”

त्याने बूड उचलून टॅक्सीच्या सीटवर दोनदा आपटलं. सीटने इमानाने आवाज दिला.

“आलं ना आता?… नाही हलत? तुला काय माहीत हलत नाही?… अरे हो. पुठ्ठ्याची घडी. मीच घातली नाही का पायाखाली… विसरलो. वय झालं. विसरायचाच.”

मीटरभाऊने कपाळ पुसलं. हिला जाऊन चार महिने झाले, मग पुठ्ठा हिला कसा कळला? फोनवर कधी तरी आपणच बोललो असू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

“जेवलो ना… अंडी उकडली, भात लावला… कुठल्या पातेल्यात? कुठल्या म्हणजे… छोट्या… छोटं पातेलं स्वच्छ कसं असेल? भात लावला तर भात लागला असणार ना तळाशी… घासलं. लगेच घासलं. तूच सांगितलं होतंस ना, लगेच पाणी घालायचं… हो… दूध? तापवलं की. सकाळीच. मस्त दाट साय धरलीय… नासलंय? छे!… अगं, नासलेल्या दुधाचा वास येतो तर मला नाही का येणार? मी घरात, तू तिथे! फोनमधून येतो का वास तुला?… हसतेस काय?”

ती हसत होती. चार महिन्यांत ती इतकी मोकळी हसली नव्हती. एरवी संध्याकाळी फोन यायचा. बाकीचे नवरा-बायको ‘जेवलात का, झोपलात का’ विचारतात. ही विचारायची, ‘आज काय भाव?’ पंपाच्या पाटीवर त्या दिवशी काय आकडा आहे ते हा सांगायचा, ‘बरं’ म्हणून ती फोन ठेवायची. तेवढंच. उभ्या संसारात एकमेकांना ‘करमत नाही’ म्हणायची दोघांनाही सवय नव्हती. कुठल्या तोंडाने म्हणणार? पेट्रोलचा भाव विचारायला मात्र लाज वाटायचं कारण नव्हतं.

“काय, कुंडी?… घातलं पाणी… माना टाकल्यात? सगळ्या रोपांनी? कोण म्हणालं?… कुणी नाही कसं? समोरची शिंपीण सांगत असणार! शिवणयंत्र चालवता चालवता आपल्याच खिडकीत डोळे लावून बसलेली असते. कापड कमी, चौकशा जास्त… बरं बाई, नाही बोलत तिला काही… हो, चांगली आहे, मनाने चांगली आहे… काय सांगितलं तिने?… एकोणसत्तर?”

मीटरभाऊ सावरून बसला.

“पेट्रोल एकोणसत्तर झालं असं सांगितलं तिने? कधी?… परवा… अगं ऐक… ऐक ना… नाही, लपवलं नाही… तुझ्यापासून मी काय लपवणार? आधी पूर्ण ऐक, मग रागाव… ऐकतेस?… अगं ती भानगड वेगळीच आहे! मी स्वतः होतो तिथे. माझ्या डोळ्यांदेखत झालं. आपल्या पंपाची ती पाटी आठवते ना, पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवतात ती?… हां. नव्याण्णव लावायचं तर दोन नऊ लागतात. पंपवाल्याकडे नऊ एकच. मग पठ्ठ्याने काय केलं, एक सहा घेतला, डोक्यावर उभा केला आणि ठोकला. झाला नऊ… हो! कुणाला कळतंय? महिनाभर तो सहा बिचारा उलटा लटकून नऊ असल्याचं सोंग करत होता. परवा दुपारी वारा सुटला. वरचा खिळा निसटला. आणि तो सहा खालच्या खिळ्यावर गर्रकन फिरला की! आला मूळ रूपात… नव्याण्णवचे एकोणसत्तर!… थाप? आता मात्र कमाल झाली. देवाशप्पथ.”

आता तो रंगात आला. तोंडाचं मीटर पडायला लागलं की मीटरभाऊला आपण कुठे बसलोय, कशासाठी आलोय, कशाचं भान राहत नसे.

“मग काय विचारतेस! गावात वणवा लागला जणू. पंपापासून रांग लागली ती थेट नदीच्या पुलापर्यंत… नाही?… बरं, दवाखान्यापर्यंत… अगं खरंच दवाखान्यापर्यंत!… बरं, न्हाव्याच्या दुकानापर्यंत. आता याच्याखाली नाही हं मी उतरणार. न्हाव्याच्या दुकानापर्यंत म्हणजे दुकानापर्यंत. तू माझ्या प्रत्येक गोष्टीचा भाव पाडतेस. तू आकडे लावायला असतीस ना पंपावर, तर पेट्रोल फुकट मिळालं असतं… हो तर! लोक बादल्या घेऊन आले. पोस्टातला कारकून, तो तोतरा, तो शेकायची रबरी पिशवी घेऊन आला. गुडघ्यांवर ठेवतो ना, ती. म्हणाला, हिच्यात द-द-दीड लिटर मावतं… मास्तरीणबाई फुलदाणी घेऊन. फुलांसकट!… आणि मी कुठे म्हणजे? मी रांगेत. पहिला नव्हतो गं. पहिला शववाहिकेवाला. त्याला कोण अडवणार?”

पलीकडून ती काहीतरी विचारत होती. मीटरभाऊचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली आला.

“मी का उभा राहिलो म्हणजे?… काय हा प्रश्न. एकोणसत्तर म्हणजे नव्वदच्या खालीच ना?… मी काही बघितलंच नाही दुसरं. त्या पाटीकडे बघितलं आणि गाडी वळवली. पॅसेंजर बसलेला होता मागे. म्हणाला, अहो, मला स्टेशनला जायचंय! म्हटलं, भाऊ, तू जा, मी बायकोला आणायला चाललोय… खरंच म्हणालो… उतरवलं त्याला… भाडं कुठलं मागतोय? त्याच्या बॅगा दुसऱ्या टॅक्सीत ठेवून दिल्या आणि रांगेत घुसलो. इस्त्रीचा शर्ट मागे टांगलेलाच होता. रांगेत उभ्या उभ्या बदलला… हो, पांढरा… बटण तुटलेलाच, दुसरा कुठे आहे?”

तो अंगावरच्या त्याच शर्टाकडे बघून थांबला. तुटक्या बटणाच्या जागी त्याने सेफ्टी पिन लावली होती.

“मग काय, माझा नंबर यायला चार गाड्या उरल्या आणि पंपवाला शिडी घेऊन आला. वर चढला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्या सहाला परत उलटा केला… लोक ओरडले. मास्तरीणबाईंनी फुलदाणी उगारली. मी?… मी काय ओरडणार. मी नुसता बघत राहिलो. तो सहा परत खाली डोकं वर पाय, आणि मीही तसाच… काही नाही. म्हटलं, घरी आलो… शर्ट काढून ठेवला… हॅलो? आहेस ना?… गप्प का झालीस?”

मीटरभाऊला पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि कुठेतरी लांब एका यंत्राची घरघर. लेकीकडे हल्ली कसलं यंत्र आणलंय कुणास ठाऊक.

“अगं बोल ना… काय म्हणालीस?… परवापासून?… बॅग भरून?… दारात?… तुला वाटलं एकोणसत्तर झालं तर हा माणूस आता येईल… मग येईल… आणि मी आलोच नाही… अगं वेडाबाई… मग फोन करायचा! ‘का आला नाहीत’ म्हणून भांडायचं… रोजचा फोनसुद्धा केला नाहीस दोन दिवस. मला वाटलं, नातवाच्या दातांनी झोप उडवली असेल… रागावली होतीस… नाही? मग?… घाबरली होतीस?… कशाला?… मला काही झालं म्हणून?… आणि काही झालं नसेल तर?… म्हणजे… म्हणजे मला आता एकटं राहायची सवय झाली, असं वाटलं तुला?”

मीटरभाऊने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. वरच्या गॅलरीत निळी शाल वाऱ्याने हलली. एवढ्या तीन मजल्यांवर ती बसलीय, भरलेली बॅग घेऊन. आत्ता धावत जावं. पण ‘या’ म्हटल्याशिवाय गेलं तर आल्या पावली परत पाठवायलाही ती कमी करायची नाही, हे तो ओळखून होता.

“सवय कसली डोंबलाची… ते राहू दे… नाही, विषय नाही बदलत मी… खरा भाव? नव्याण्णव. परवा होता तोच… कधी उतरणार? ते मला कसं ठाऊक… अगं, मी टॅक्सी चालवतो, तेलाच्या विहिरी नाही चालवत!… बरं, सांगतो. ऐकायचंय तर नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. हे बघ, तेल निघतं तिकडे लांब, जमिनीच्या पोटातून. तिथले मालक एकत्र बसतात, चहा पितात आणि ठरवतात, या महिन्यात तोटी जरा आवळू. त्यांनी तोटी आवळली की इकडे माझा गळा आवळतो… हो, एवढं सोपं… बरं, ते तेल जहाजातून येतं. वाटेत कुठे लढाई सुरू झाली की जहाज लांबून वळसा घालून येतं. वळशाचं भाडं कोण देणार? तू आणि मी… लढाई झालीच पाहिजे असंही नाही. नुसती ‘होणार’ अशी कुजबुज झाली तरी पुरे. बाजार तुझ्या त्या शिंपिणीसारखा आहे. कानावर पडलं की लगेच दहा घरी… मग ते काळं तेल शुद्ध करायचं, त्याचा कारखाना. कारखाना दुरुस्तीला बंद, की भाव वर. सुट्ट्यांत सगळे फिरायला निघाले, की भाव वर. आपला पैसा परक्या पैशापुढे मऊ पडला, की तेच तेल आपल्याला महाग. आणि या सगळ्यावर सरकारचा कर. भलामोठा… नाही, तो कधी घटतो, कधी नाही. तेल तिकडे अर्ध्यावर आलं तरी पाटीवर अर्धं होत नाही ते म्हणूनच. कर आपला बूड टेकून बसलेला असतो, पाहुण्यासारखा.”

हे तो पॅसेंजरांना रोज सांगे. लाल सिग्नलपासून हिरव्या सिग्नलपर्यंत बरोबर बसेल, एवढंच ते होतं. आज मात्र त्याला वाटलं, हे संपूच नये. हे संपलं की पुढे काय बोलायचं ते त्याला सुचलेलं नव्हतं.

“हां, बरोबर विचारलंस. चढताना भराभर का, आणि उतरताना रडत-रखडत का?… पंपवाला म्हणतो, टाकीत साठा जुन्या भावाचा आहे, तो संपू दे, मग उतरवतो. चढताना मात्र टाकीत तोच जुना साठा असतो, तेव्हा त्याला आठवण होत नाही… सगळीकडे तसंच गं. चढताना भाव म्हणजे जिन्यातलं शाळेचं पोर, दोन-दोन पायऱ्या एकदम. उतरताना माझे गुडघे. एक पायरी, कठडा धर, श्वास घे, दुसरी पायरी… हस, हस. गुडघे तुझे नाहीत म्हणून हसतेस.”

मागून एक ट्रक कुईं कुईं करत उलटा आला. काचा बंद असूनही आवाज आत घुसला.

“हे?… हे टीव्ही… चालू आहे ना टीव्ही… कसा बंद असेल? चालू आहे म्हणतोय मी… पडदा काळा? अगं, मी घरात बसलोय, टीव्ही माझ्या समोर आहे, आणि तू मला सांगतेस की तो बंद आहे!… बरं, बंद आहे. रस्त्यावरचा ट्रक आहे. झालं समाधान?… आपल्या गल्लीत ट्रक शिरत नाही हे मलाही माहीत आहे. चुकून शिरला असेल.”

थाप मारायला मीटरभाऊ कधी कचरत नसे, पण आज प्रत्येक थाप जमिनीवर पडायच्या आधीच ती झेलत होती. त्याने ठरवलं, आता पुरे. मुद्द्यावर यायचं.

“ऐक. एक विचारू?… नव्वदच का म्हणालीस तू तेव्हा?… म्हणजे ऐंशी नाही, पंच्याऐंशी नाही. नव्वद… आठवत नाही काय? मला आठवतं ना. तू निघालीस त्या दिवशी पाटीवर एक्क्याण्णव होता… हो. म्हणजे एकदोन पायऱ्या उतरल्या की झालं. आठवडाभराची गोष्ट… म्हणूनच म्हणालीस?… मलाही तेच वाटलं होतं. म्हटलं, एकच तर आकडा. मी रोज सकाळी पंपावरून गाडी काढायचो. भाडं दुसऱ्या दिशेला असलं तरी… ब्याण्णव झाला. म्हटलं, उतरेल. चौऱ्याण्णव झाला… म्हटलं, तिकडे लढाई मिटेल… नव्याण्णव झाला तेव्हा पंपवाला मला म्हणाला, भाऊ, तुम्ही रोज येता, बघता आणि पेट्रोल न भरताच जाता, तुमचं काय हरवलंय का इथे?… काय सांगणार त्याला?… नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.”

त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. मग पलीकडून तिने काहीतरी हळूच विचारलं, आणि मीटरभाऊ एवढा ताठ झाला की त्याचं डोकं टॅक्सीच्या टपाला लागलं.

“काय? परत म्हण… तू ‘या’ म्हणालीस तर मी येईन का?… नव्याण्णवला?… एकशे नव्याण्णवला येईन! तू म्हण तर… म्हण ना… फक्त ‘या’ म्हण, पुढचं मी बघतो… ‘या’ काय दोन तासांचं भाषण आहे का? एक अक्षर आहे!… नको?… नको येऊ?… अगं, आता तर तूच…”

ती हसत होती. यावेळचं हसणं काही त्याला कळलं नाही. बेत कोलमडला. मीटरभाऊने हार मानली, काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

“बरं, ते सोड. एक काम कर. गॅलरीत ये… ये तर. कारण विचारू नकोस… आहेसच गॅलरीत? मग दिसत कशी नाहीस? मी इथून… बरं, आता सांगूनच टाकतो, मी खाली उभा आहे. आलोय तुला न्यायला. नव्याण्णवचं भरून आलोय, काय बोलायचं ते बोल… हॅलो? अगं कठड्याजवळ ये… मला तर नुसती तुझी शाल दिसतेय… विसरलीस? शाल विसरलीस म्हणजे? कुठे विसरलीस?… लेकीकडे… हो, मग तिथेच तर आहेस तू… गॅलरीत उभी आहेस ना?… कुठल्या गॅलरीत?… आपल्या?… आपल्या म्हणजे… थांब. थांब जरा. तुला समोर काय दिसतंय?”

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

“शिंपिणीचं दुकान?”

वर तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. लेक गॅलरीत आली, कडेवर पोर, पोराच्या हातात शालीचं टोक. तिने खाली टॅक्सी पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. मीटरभाऊने तिला ‘थांब, थांब’ अशी खूण केली.

“म्हणजे तू घरात… कधी?… पहाटेच्या बसने?… आणि मघापासून त्या खुर्चीत तू बसलीयस!… आणि मी तुला सांगतोय कर्र कर्र!… अरे देवा… ते दूध… दोन दिवसांचं आहे गं, टाकून दे… कुंडी… हो, पाणी नाही घातलं. कशातच लक्ष नव्हतं… हस. पोट धरून हस. चावी होती ना तुझ्याकडे?… मग आल्या आल्या फोन करून सरळ सांगायचं… ‘कुठे आहात’ विचारलं तर मी ‘घरात’ म्हणालो, हो, ते खरं… मग तूही माझी मजा घ्यायला लागलीस. बरोबर आहे. माझ्याच पंगतीला बसून शिकलीस… पण तू का आलीस? मी न्यायला येणार होतो ना… मी आलो नाही म्हणून… एकोणसत्तर होऊनसुद्धा आलो नाही म्हणून…”

एक पत्र्याचा सहा खिळ्यावर गर्रकन फिरला होता, आणि त्याच्यामुळे बायको बॅग उचलून निघाली होती. जे चार महिन्यांत कुठल्याही लढाईला, जहाजाला, सरकारला जमलं नाही ते एका निसटलेल्या खिळ्याने केलं होतं.

“बसने आलीस… भाडं किती घेतलं? भाव चढला तेव्हा वाढवलं होतं, ते काही… घाटात? घाटात काय झालं?… कोण ओरडत होतं?… पिवळी टॅक्सी? वळणावर?… अगं, तो मीच! त्या बसने मला कड्याला चिकटवलं होतं, म्हणून मी… तू होतीस त्या बसमध्ये? खिडकीत?… तू काय म्हणालीस?… ‘कोण हा मेला’!… वा. चार महिन्यांनी नवऱ्याला बघितलं आणि ‘कोण हा मेला’… मी काय म्हणालो ते नाही सांगणार. ऐकलंस? सगळं? काच उघडी होती?… माफ कर. बसवाल्याला होतं ते, तुला नव्हतं.”

वरून लेकीने शाल सोडली. ती वाऱ्यात फुगली आणि टॅक्सीच्या बॉनेटवर येऊन पसरली. मीटरभाऊने दार उघडून ती उचलली, घडी करायला गेला, घडी जमली नाही, तशीच शेजारच्या सीटवर ठेवली. वर बघून त्याने हात हलवला. पोरानेही हलवला.

“नाही, वर नाही जात… जेवण नको… झोप कसली? उन्हं आहेत अजून… गुडघ्यांचं काय? घाट गुडघे चढत नाहीत, गाडी चढते… अगं, लेक काही रागावत नाही, हसतेय गॅलरीत. पुढच्या रविवारी दोघंही येऊ… तू हलू नकोस. शिंपिणीकडेसुद्धा जाऊ नकोस. तिथेच खुर्चीत बस. पुठ्ठा काढ हवा तर, हलू दे पाय… निघालो.”

काटा तळाला टेकला होता. गाडी कोपऱ्यावरच्या पंपात शिरली. इथली पाटी विजेवर चालणारी, लाल आकड्यांची. खिळा निसटायची सोय नव्हती.

“टाकी फुल्ल कर… तुला नाही गं, पंपवाल्याला… हो, पुरी. घाटात थांबायचं नाही मला… भाव काय? इथला?… बघितलाच नाही. थांब, बघतो… नको, जाऊ दे… काय म्हणालीस? आवाज तुटतोय… रोजचं?… हं. आजचा भाव… आज काय भाव विचारतेस?”

पंपवाल्याने नळी काढली, झाकण लावलं, पैशांसाठी हात पुढे केला. मीटरभाऊने पाकीटच त्याच्या हातात ठेवलं आणि तोंड शालीकडे वळवलं.

“चढलाय… खूप चढलाय गं. रोज चढत होता, मी तुला वेगळाच आकडा सांगत होतो… पेट्रोलचा नाही बोलत मी… उतरायचं? छे. उतरायचं नावच नाही… हॅलो?… तू काय म्हणालीस? ‘या’ म्हणालीस?… मला ऐकू आलं. तुटलं पण आलं… परत म्हण ना… हॅलो?… हॅलो?…”